पागनीस मॅडम, जल प्रभारी

शोभना पागनीस आमच्या शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवतात. सत्तावीस वर्षं झाली. वय चोपन्न, राहायला इंदूरच्या मल्हारगंजात, आणि शाळा हातोदच्या रस्त्यावर, वस्ती संपून शेतं सुरू होतात तिथे. मी त्याच शाळेत इंग्रजी शिकवते. मूळची मिरजेची; नवऱ्याला पीथमपूरला नोकरी लागली म्हणून तीन वर्षांपूर्वी इंदूरला आले. शाळेच्या बसमध्ये पहिल्या दिवशी ज्यांनी पर्स मांडीवर घेऊन मला शेजारी जागा करून दिली, त्या शोभनाताई.

"संहिता ना तू? मिरजेची म्हणजे तुझी मराठी एकदम शुद्ध. आमची ऐकून हसशील, हां. आमच्यात हिंदी इतकी घुसली आहे, आता वेगळी नाही काढता येत."

एप्रिल होता. सकाळी सातलाच बसचे पत्रे तापायला लागले होते. मी माझी पाण्याची बाटली त्यांच्यापुढे केली.

"नको गं. मी आता तीन वाजता."

मला वाटलं, उपास असेल. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आठवड्याभरात लक्षात आलं की बसमधल्या बाकीच्या पाच जणीही पाणी पीत नाहीत. सकाळी सहाला अर्धा कप चहा, आणि मग थेट दुपारी तीनला, घरी पोचल्यावर पाणी. मधले नऊ तास कोरडे.

कारण कळायला मला पहिल्याच दिवसाची मधली सुट्टी पुरली होती. बायकांचं बाथरूम जिन्याखाली होतं, पण त्यात स्नेहसंमेलनाचे कपडे, मखमली पडदे, सहा मोडके कॉम्प्युटर आणि थर्माकोलचा एक किल्ला होता. किल्ला फार सुरेख झाला होता, पाहुण्यांनी वाखाणला होता, त्यामुळे तो फेकून द्यायचं सगळ्यांच्या जिवावर येत होतं. मुलींच्या बाथरूमला चार दारं होती, त्यांतल्या दोनांनाच आतून कडी. पुरुष शिक्षक शाळेत चार. त्यांचं बाथरूम स्टाफरूमला लागून, टाइल्स लावलेलं, आरशासकट.

"इतकी वर्षं कोणी बोललं नाही?" मी शोभनाताईंना विचारलं.

"बोललो होतो ना. अर्जी पण दिली होती. काम मंजूर झालं, आणि मग किल्ला आला."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. एखादं गणित फळ्यावर मांडून दाखवावं तसं त्या सांगत होत्या. त्यांचे आजोबा होळकरांच्या दफ्तरात होते, आणि घरात अजूनही प्रत्येक गोष्ट पायरी-पायरीनं बोलायची पद्धत आहे. मुलांच्या पेपरात उत्तर बरोबर आणि मधली पायरी गाळलेली असली तर त्या अर्धा मार्क कापतात. वर्गात मुलानं विचारलं, की मॅडम, उत्तर तर आलं ना, तर म्हणतात, "आलं, पण कुठून आलं ते तुलाही माहीत नाही."

गेल्या वर्षी मार्चअखेर आमचे डायरेक्टर विक्रांतजी बंगळुरूला कसल्याशा परिषदेला जाऊन आले. शाळा त्यांच्या वडिलांनी काढली. विक्रांतजी ती पुढे नेतात. दर परिषदेहून ते काहीतरी आणतात. आधीच्या वर्षी त्यांनी मौन आणलं होतं, रोज सात मिनिटं. या वेळी पाणी आणलं.

स्टाफ मीटिंगमध्ये त्यांनी पडद्यावर मेंदूचं चित्र दाखवलं. "सत्तर टक्के मुलं डिहायड्रेटेड असतात. म्हणून मार्क कमी येतात. प्रॉब्लेम टीचिंगचा नाहीच आहे, भिया, प्रॉब्लेम पाण्याचा आहे."

भिया म्हणजे इंदुरी भाऊ. पुरुष शिक्षकांनी माना डोलावल्या. प्राचार्य श्रीराम सरांनी वहीत 'पाणी' असं लिहून खाली रेघ मारली. विक्रांतजींनी अभियान जाहीर केलं. नाव जलमित्र. दिवसातून तीन वेळा पाण्याची घंटा होणार, घंटा झाली की सगळ्यांनी जागच्या जागी पाणी प्यायचं, शिक्षकांनीसुद्धा. प्रत्येकाचं एक कार्ड, कार्डावर रोजचं लक्ष्य. स्टाफरूमच्या भिंतीवर तक्ता, घंटेला ग्लास संपवेल त्याच्या नावापुढे निळा तारा. आणि एवढा सगळा आकड्यांचा मामला असल्यामुळे जल प्रभारी कोण, तर पागनीस मॅडम.

मला वाटलं, त्या टाळतील. त्यांनी टाळलं नाही. सोपवलेलं काम वाईट करायचं त्यांना येतच नाही.

पहिला प्रश्न होता, माणसानं दिवसाला पाणी प्यायचं तरी किती. शोभनाताईंनी वजनकाटा मागवला आणि आधी स्वतःला तोलून घेतलं. चौसष्ट किलो. विक्रांतजींच्या स्लाइडवर लिहिलं होतं, दर किलोला पस्तीस मिली. म्हणजे दोन लीटर दोनशे चाळीस. विक्रांतजींनीच सगळ्यांच्या फोनमध्ये एक ॲप टाकायला लावलं होतं. ते म्हणालं, दोन लीटर सातशे. मुख्य दारावरच्या पोस्टरवर होतं, आठ ग्लास. कुठला ग्लास ते नव्हतं. शोभनाताईंनी प्रयोगशाळेतून मोजपात्र आणून ग्लास मोजले. शाळेचा स्टीलचा ग्लास एकशे ऐंशी मिलीचा निघाला, स्टाफरूममधला काचेचा अडीचशेचा. म्हणजे एका पोस्टरची दोन उत्तरं, चौदाशे चाळीस आणि दोन हजार.

घरी त्यांनी यजमानांना विचारलं. शरदराव विमा कार्यालयातून निवृत्त झाले आहेत आणि तांब्याच्या लोट्यातलं पाणी पहाटे उठून पितात. ते म्हणाले, माप बघायचंच नाही, लोटा संपला की संपलं. योगाचे सर म्हणाले, उभ्यानं प्यायलेलं पाणी मोजायचंच नाही. श्रीराम सर म्हणाले, चहा धरायचा की नाही ते आधी ठरवा, कारण चहा धरला तर त्यांचं लक्ष्य सकाळी दहालाच पूर्ण होतं.

शोभनाताई सगळे आकडे एका कागदावर मांडून विक्रांतजींकडे गेल्या. मीही सोबत होते.

"सर, एकाच माणसाची चार उत्तरं येताहेत. कोणतं धरू?"

विक्रांतजींनी कागद बघितला. "ॲव्हरेज काढून टाका ना मॅडम."

"चार चुकीच्या उत्तरांची सरासरी काढली तर बरोबर उत्तर नाही येत, सर."

"येतं किती पण?"

"दोन हजार पंच्याण्णव."

"बस. टू पॉइंट वन. लॉक करा."

तर अशा रीतीनं आमच्या शाळेतल्या प्रत्येक मोठ्या माणसाची रोजची गरज दोन पॉइंट एक लीटर ठरली. मुलांना वर्गाप्रमाणे कमी-कमी. शोभनाताईंनी पाचशे पाच कार्डं तयार करून घेतली. मुलांचा दिवसाचा साधारण एक तृतीयांश वाटा शाळेच्या वेळेत प्यायचा, हेही काढून दिलं. सगळं नीट, पायरी-पायरीनं.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी पहिली घंटा झाली. मुलांना तर खेळच मिळाला. पाचशे बाटल्या एकदम उघडल्या, वर्गावर्गातून गटागटा आवाज आला. विक्रांतजींनी व्हरांड्यात उभं राहून व्हिडिओ काढला.

स्टाफरूममध्ये आम्ही सात जणी काचेचे ग्लास भरून उभ्या होतो. कोणीच कोणाकडे बघत नव्हतं. पहिली हलली ती शलाका, विज्ञानाची. तिला तेव्हा पाचवा महिना होता. तिनं ग्लास उचलला, व्हरांड्यात गेली आणि क्रोटनच्या कुंडीत ओतला. मग बाकीच्या गेल्या. सगळ्यात शेवटी शोभनाताई. त्यांनी मनीप्लँट निवडला. परत येऊन त्यांनी आपल्या कार्डावर अडीचशे मिलीची खूण केली, पेन क्षणभर तसंच धरून ठेवलं, आणि तक्त्यावर सगळ्यांच्या नावापुढे तारे चिकटवायला उठल्या.

मी मिरजेहून मोठ्या तोऱ्यात पाण्याची बाटली घेऊन आले होते. दोन वर्षांत मीही त्यांच्यातलीच झाले होते. माझ्या वाट्याला शेवंतीची कुंडी आली.

दोन आठवड्यांत आम्हा सात जणींचे तारे शाळेत सर्वांत जास्त झाले. पुरुष शिक्षक मागे पडले, कारण ते खरंच पाणी पीत होते आणि माणूस खरंच प्यायला लागला की कधी कधी विसरतो. विक्रांतजींनी आमचा फोटो काढून शाळेच्या पानावर टाकला. याच सुमारास कुंड्यांतली पानं पिवळी पडून गळायला लागली. सुनीताबाई, आमच्या शिपाई, झाडू घेऊन ती पानं गोळा करता करता एकदा शोभनाताईंना म्हणाल्या, "मॅडम, पौधों को भी घंटी पे पिलाना है क्या?"

शोभनाताईंनी नुसती मान खाली घातली. मला आठवतं, त्या दिवशी त्यांनी वर्गात एका मुलाची गाळलेली पायरी तशीच सोडली.

मुलं मात्र पीत होती. प्यायलेलं पाणी कुठेतरी जाणारच. चौथ्या तासाला वर्ग निम्मे रिकामे व्हायला लागले. मुलांचं काही नव्हतं, त्यांना मागचं शेत होतं. मुलींची रांग बाथरूमपासून निघून प्रार्थनेच्या मैदानात वळायची. मधल्या सुट्टीत डबा खायचा की रांगेत उभं राहायचं, हे मुली आपसात ठरवून यायच्या. पहिलीतल्या दोघी-तिघींचे कपडे ओले झाले. पालकांचे फोन आले.

शाळेनं लगेच पाऊल उचललं. एकाच दिवशी दोन परिपत्रकं निघाली. पहिल्यात होतं, घंटेला पाणी न पिणाऱ्या विद्यार्थ्याच्या डायरीत नोंद करावी. दुसऱ्यात होतं, तास चालू असताना कोणाही विद्यार्थ्याला बाहेर सोडू नये. दोन्हींवर श्रीराम सरांची सही होती. सुनीताबाई दोन्ही कागद एकाच फायलीत घालून वर्गावर्गात फिरल्या. मी ती दोन्ही वाचून सही केली. सगळ्यांनी केली.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात शोभनाताई बसला आल्या नाहीत. सत्तावीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच. संध्याकाळी मी मल्हारगंजात त्यांच्या घरी गेले. थंडी वाजून ताप आला होता, कमरेच्या उजव्या बाजूला कळा येत होत्या, आणि लघवीला आग. शरदराव तांब्याचा लोटा घेऊन पलंगाशी उभे होते.

"मी म्हणतोय चल डॉक्टरकडे, तर म्हणते उद्याची कार्डं राहिली आहेत," ते म्हणाले.

आम्ही दोघांनी मिळून त्यांना उठवलं आणि डॉक्टर शालिनींच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर चाळिशीच्या असतील, बोलायला मोकळ्या. त्यांनी तपासलं, कमरेत हलकेच थोपटलं तेव्हा शोभनाताईंनी ओठ आवळले. लघवीची तपासणी झाली, सोनोग्राफी झाली. जंतुसंसर्ग वरपर्यंत गेला होता, आणि उजव्या मूत्रपिंडात एक खडाही होता, लहानसा.

"दिवसाला पाणी किती पिता?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन पॉइंट एक लीटर," शोभनाताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी रिपोर्टकडे बघितलं आणि मग त्यांच्याकडे. "मॅडम, हा आकडा तुमचा आहे का?"

शोभनाताई म्हणाल्या, "नाही. शाळेचा आहे."

"आणि तुमचा?"

"सकाळी सहापासून तीनपर्यंत काही नाही. घरी आल्यावर तीन-चार ग्लास. त्यांचं माप घेतलेलं नाही."

"कधीपासून?"

"सत्तावीस वर्षं."

"का?"

शोभनाताईंनी कारण सांगितलं. जिन्याखालची खोली, पडदे, कॉम्प्युटर, किल्ला. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही त्या रडल्या नाहीत. पण शरदराव एकदम खाली बसले. तीस वर्षांच्या संसारात त्यांना हे माहीत नव्हतं. "तू कधी बोललीच नाहीस," ते म्हणाले.

"यात बोलण्यासारखं काय होतं? सगळ्यांचं असंच आहे."

डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या. मग शोभनाताईंनी तिथेही प्रभारी म्हणून विचारलंच, "डॉक्टर, माणसानं खरं किती प्यायचं? नक्की आकडा काय?"

"सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा नाही सांगता येत. उन्हात काम केलंत तर जास्त लागेल, घरी पंख्याखाली असलात तर कमी. खाण्यातूनही येतं. साध्या तब्येतीच्या माणसानं तहान लागली की प्यावं, आणि लघवी गडद पिवळी दिसली तर अजून प्यावं. तुम्हाला खडा आहे, तेव्हा तुम्ही तहानेची वाट बघू नका, दिवसभर थोडं थोडं पीत राहा. आणि जायचं झालं की जायचं. धरून नाही ठेवायचं. तुमच्या आजाराचं मूळ नुसतं कमी पिण्यात नाही, मॅडम. धरून ठेवण्यातही आहे."

"हे लिहून द्याल?"

"काय?"

"शेवटचं. धरून नाही ठेवायचं ते. तुमच्या चिठ्ठीवर."

डॉक्टरांनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि औषधांच्या खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: शाळेच्या वेळेतही दर दोन-तीन तासांनी लघवीस जाणे आवश्यक. टाळू नये. खाली सही, शिक्का.

आठ दिवसांनी शोभनाताई परत आल्या तेव्हा त्याच शनिवारी अभियानाची आढावा बैठक होती. जल प्रभारींनी अहवाल द्यायचा होता. विक्रांतजींनी आधी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली, आणि "बघा, हायड्रेशन किती इम्पॉर्टंट आहे," असं सगळ्यांना सांगितलं.

शोभनाताई फळ्यापाशी गेल्या. नेहमीप्रमाणे डाव्या कोपऱ्यातून लिहायला सुरुवात केली.

"सर, आपण पाणी आत किती जातं ते काढलं. बाहेर किती येतं ते काढायचं राहिलं. ती पायरी माझ्याकडून गाळली गेली. आज काढते. मुली दोनशे छत्तीस. घंटेचं पाणी प्यायल्यावर प्रत्येकीला शाळेच्या वेळेत किमान एकदा जावं लागतं. कमीत कमी दोन मिनिटं. चारशे बहात्तर मिनिटं. कडी लागणारी दारं दोन. म्हणजे दोनशे छत्तीस मिनिटं. मोठी सुट्टी वीस, लहान दहा, एकूण तीस. दोनशे सहा मिनिटं कमी पडताहेत. एक तर मधली सुट्टी चार तासांची करावी लागेल, नाही तर दारं सोळा. शिक्षिका यात धरलेल्या नाहीत. आम्ही सात जणी पाणी पीतच नाही. आमचे तारे खोटे आहेत. माझेसुद्धा. कुंड्यांतली झाडं त्यामुळेच मेली."

श्रीराम सरांनी हळूच म्हटलं, "मला कधी कोणी सांगितलंच नाही." त्यांच्या पाठीमागेच ते टाइल्सचं बाथरूम होतं.

विक्रांतजी मात्र नाराज झाले नाहीत. त्यांना कशाचंच वाईट वाटत नाही, हा त्यांचा गुण आहे. "व्हेरी गुड पॉइंट, मॅडम. हा आपला नेक्स्ट स्टेप आहे. कमिटी बनवू." कमिटी तिथल्या तिथे बनली: श्रीराम सर, योगाचे सर आणि क्रीडा शिक्षक. अहवाल जुलैमध्ये. शोभनाताईंनी विचारलं, कमिटीत एखादी बाई असावी का. विक्रांतजी म्हणाले, "बिलकुल. चहाच्या वेळी तुम्ही सजेशन द्या ना."

सोमवारी पहिली पाण्याची घंटा झाली. शोभनाताईंनी काचेचा ग्लास भरला आणि आमच्यासमोर, उभ्या उभ्या, शेवटपर्यंत प्यायल्या. मग पर्समधून चिठ्ठी काढली आणि मला म्हणाल्या, "चल जरा."

आम्ही डायरेक्टरांच्या केबिनकडे गेलो. केबिनला आतून जोडलेलं बाथरूम आहे हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते आपल्याला वापरता येईल असा विचार कधी कोणाच्या मनात आला नव्हता. आत विक्रांतजी गणवेशाच्या ठेकेदाराशी बोलत बसले होते.

"आत येऊ, सर?"

"या, या मॅडम. बोला."

त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. विक्रांतजींनी वाचली. ठेकेदारानंही मान वाकडी करून वाचली.

"ओके," विक्रांतजी म्हणाले. "तर मग यात आपण, मतलब, काय करू शकतो?"

"आपलं बाथरूम वापरते."

शोभनाताई शांतपणे टेबलाला वळसा घालून आत गेल्या, आतून कडी लावली. मी दाराशी उभी राहिले. ठेकेदार पंख्याकडे बघत राहिला. विक्रांतजींनी फोन उचलला, ठेवला. काही मिनिटांनी शोभनाताई ओढणीला हात पुसत बाहेर आल्या, "थँक्यू, सर," म्हणाल्या आणि नववीच्या वर्गावर गेल्या.

दुसऱ्या घंटेला त्या पुन्हा गेल्या. मंगळवारी शलाका बरोबर होती. बुधवारी आम्ही चौघी, गुरुवारी सातही. आम्ही ओळीनं उभ्या राहायचो, कोणी मोठ्यानं बोलायचं नाही, जिचा नंबर येईल ती "आत येऊ, सर?" असं विचारायची. विक्रांतजी "या" म्हणायचे. त्यांना नाही म्हणता येत नव्हतं. पाण्याची घंटा त्यांचीच होती. प्रवेशासाठी आलेले पालक सोफ्यावर बसलेले असायचे आणि ही सगळी ये-जा बघायचे. शुक्रवारी एका पालकाच्या लहान मुलीनं आईला विचारलं, या मॅडम आत काय शिकवतात. आईनं तिला गप्प केलं, पण विक्रांतजींच्या कानांपर्यंत ते पोचलं असावं.

शनिवारी सुनीताबाई आणि दोन माळी जिन्याखालची खोली रिकामी करताना दिसले. पडदे गेले, कॉम्प्युटर गेले. किल्ला श्रीराम सरांच्या केबिनमध्ये गेला, तिथे तो अजून आहे आणि त्यांना त्यावरून वाकून फाइल घ्यावी लागते. नळ चालू झाला, बल्ब लागला, दाराला नवी कडी बसली. कमिटीचा अहवाल अजून यायचाच होता. तो जुलैमध्ये आला आणि त्यात बायकांच्या बाथरूमची गरज असल्याचं एकमतानं नमूद होतं.

विक्रांतजींनी त्या खोलीवर पाटी लावायचं ठरवलं: हायड्रेशन सपोर्ट रूम. फीत कापायची, फोटो काढायचा, आणि फीत पागनीस मॅडमनीच कापायची. कात्री ताटात घालून आणली होती.

"सर, मुलींच्या दोन दारांना कड्या नाहीत अजून," शोभनाताई म्हणाल्या. "त्या बसल्या की कापते."

"मॅडम, फोटोग्राफर आला आहे."

"मग त्याला चहा द्या. कडी बसवायला किती वेळ लागतो? आठ स्क्रू."

फोटोग्राफरनं दोन कप चहा प्यायला. कड्या बसल्या. मुलींसाठी चार नवी दारं दिवाळीपर्यंत होतील असं विक्रांतजींनी सगळ्यांसमोर सांगितलं. शोभनाताईंनी ते तारखेसकट डायरीत लिहून घेतलं आणि मग फीत कापली. दिवाळीपर्यंत दोन झाली. उरलेल्या दोनांसाठी त्या दर सोमवारी विक्रांतजींना डायरीतलं पान दाखवतात.

पण मला सांगायचं आहे ते फीत कापली त्या दिवसाचं. शेवटच्या दोन तासांत आम्ही सगळ्याच जणी पाणी प्यायलो. शलाका तर हसत हसत प्यायली. शोभनाताईंनी माठातलं गार पाणी घेतलं, एक ग्लास, मग अजून एक, आणि दोन वाजता निघताना अर्धा. कोणी माप घेतलं नाही. सवय नव्हती, त्यामुळे किती पुरे हे कोणालाच कळलं नाही.

हातोद रस्त्यावर ऊस भरलेली एक ट्रॉली उलटली होती आणि वाहनं अडून राहिली होती. बस पाऊण तास हलली नाही. आधी शलाका अस्वस्थ झाली, मग मी, मग सगळ्याच. पूर्वीच्या शोभनाताई असत्या तर डोळे मिटून बसल्या असत्या. त्या उठल्या, ड्रायव्हरपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "भैया, रस्ता खुला की आधी पेट्रोल पंपावर घ्या."

पंपावर बायकांच्या बाथरूमला कुलूप होतं. पंपावरचा माणूस म्हणाला, "लेडीज का बंद है, मैडम. मैनेजर साब खाना खाने गए हैं."

"कोई बात नहीं," शोभनाताई म्हणाल्या. "उन्हें फोन लगाओ. हम सात जनी हैं. यहीं खड़े हैं."

आणि आम्ही खरंच उभ्या राहिलो, रणरणत्या उन्हात, पेट्रोल भरायला आलेल्या स्कूटरवाल्यांच्या मधोमध. दहा मिनिटांनी मॅनेजर हात धुवायचेच ठेवून मोटरसायकलवर आला. कुलूप उघडलं. पहिला नंबर शलाकाला दिला. शोभनाताई सगळ्यांत शेवटी गेल्या, आणि बाहेर आल्यावर मॅनेजरला म्हणाल्या की आतला बल्ब गेलेला आहे, तेवढा बदलून घ्या, आम्ही रोज याच रस्त्यानं जातो.